भूक मंदावते, गरज नाही

माझी आत्या साताऱ्यात एकटी राहते. वय ७८. आतोबांना जाऊन सहा वर्षं झाली. रोज रात्री आठच्या सुमाराला मी तिला फोन करते. "जेवलीस का?" असं विचारते. "हो गं, झालं," असं उत्तर येतं आणि मी निश्चिंत होते. मागच्या दिवाळीत तिच्याकडे गेले तेव्हा तिच्या अंगठीला आतून दोरा गुंडाळलेला दिसला. ब्लाउजला दोन्ही बाजूंनी नव्या टिपा मारल्या होत्या. स्वयंपाकघरात कुकर फळीवर अगदी मागे सरकला होता आणि ओट्यावर, हाताशी, खारीचा डबा होता.

"अगं, एकटीसाठी कुठं कुकर लावत बसू? दुपारचं थोडं उरलेलं असतं. नसलं तर रात्री चहा-खारी पुरते. या वयात लागतंय तरी किती?"

तिच्या डॉक्टरांच्या फाइलमध्ये चैत्रात वजन ५५ किलो लिहिलेलं होतं. दिवाळीत काट्यावर ५१ भरलं. फोनवरचं तिचं "झालं" खोटं नव्हतं. चहा-खारीला ती जेवणच म्हणत होती.

"या वयात लागतंय तरी किती?" हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येतं. म्हातारपणी माणसाचं खाणं कमी व्हायचंच, असं आपण धरून चालतो. यातलं अर्धं खरं आहे. हालचाल कमी होते, त्यामुळे एकूण ऊर्जेची, म्हणजे कॅलरींची गरज थोडी घटते. पण प्रथिनं, कॅल्शियम, जीवनसत्त्वं आणि पाणी यांची गरज घटत नाही. काहींची तर वाढते. म्हणून साठी-सत्तरीनंतर ताट लहान झालं तरी चालेल, पण त्यात जे असेल ते अधिक कसदार हवं. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. आधी वरण पातळ होतं, मग उसळ बंद होते, मग दूध चहापुरतं उरतं आणि शेवटी ताटात पोळीचा चतकोर आणि लोणचं राहतं.

हा प्रश्न किती मोठा आहे? २०११ च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेले लोक ८.६ टक्के होते, महाराष्ट्रात ९.९ टक्के. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकारानं २०१७-१८ मध्ये वार्धक्याची देशव्यापी पाहणी झाली. तिच्यात साठीपुढच्या लोकांपैकी सुमारे २७ टक्के लोकांचं वजन असायला हवं त्यापेक्षा कमी आढळलं. चौघांतला एक आपल्या डोळ्यांदेखत वाळतो आहे आणि आपण त्याला "वय झालं" म्हणतो.

भूक का मंदावते?

वय वाढलं की जठर रिकामं व्हायला जास्त वेळ लागतो, म्हणून चार घासांतच पोट भरल्यासारखं वाटतं. तृप्तीचा निरोप मेंदूला देणाऱ्या संप्रेरकांचा तोलही बदलतो. वास घेण्याची शक्ती कमी होते. फोडणीचा वास नाकाशी आला की तोंडाला पाणी सुटतं, तो वासच फिका झाला की जेवणही बेचव लागतं. त्यात तोंड कोरडं पडतं, दात हलतात, कवळी बोचते.

गोळ्यांचाही वाटा असतो. काही औषधांनी तोंडाला धातूसारखी चव येते, काहींनी मळमळतं, काहींनी लाळ आटते. रक्तदाब, साखर, सांधे, झोप आणि पित्त मिळून सात-आठ गोळ्या घेणाऱ्या माणसाची भूक अचानक गेली, तर आधी गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी. "जेवण जात नाही" ही तक्रार डॉक्टरांना सांगण्याजोगी आहे, हेच अनेक ज्येष्ठांना वाटत नाही.

मनाचं कारण सगळ्यात उशिरा लक्षात येतं. जोडीदार गेला, मुलं पुण्या-मुंबईला किंवा परदेशी गेली, की स्वयंपाक ज्याच्यासाठी करायचा तो माणूसच घरात उरत नाही. चाळीस वर्षं दुसऱ्याला गरम पोळी वाढलेल्या बाईला स्वतःसाठी तवा ठेवणं जड जातं. पुरुषांची अडचण वेगळी. पत्नीमागे उरलेल्या अनेकांनी आयुष्यात कधी कुकर लावलेला नसतो. दुःख, एकटेपणा आणि नैराश्य यांची पहिली खूण पुष्कळदा ताटात दिसते.

स्नायूंचा हिशेब

कमी खाल्ल्याचा फटका सर्वांत आधी बसतो तो स्नायूंना. वयाबरोबर स्नायू आणि त्यांची ताकद झिजते. या झिजेला १९८० च्या दशकाच्या अखेरीला अर्विन रोझेनबर्ग या अमेरिकी संशोधकानं 'सार्कोपेनिया' हे नाव दिलं. ग्रीक भाषेत 'सार्क्स' म्हणजे मांस आणि 'पेनिया' म्हणजे उणीव. चाळिशीनंतर ही झीज हळूहळू सुरू होते आणि सत्तरीनंतर वेग घेते. आजारपणात तर ती धावतेच. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं होतं. तेवढ्या अवधीत त्यांच्या पायांतले सुमारे एक किलो स्नायू गेले. साध्या तापानं आठवडाभर झोपलेले आजोबा उठल्यावर भिंतीला धरून का चालतात, ते यावरून कळतं. स्नायू गेले की तोल जातो. तोल गेला की माणूस न्हाणीघरात पडतो, खुब्याचं हाड मोडतं, आणि तिथून पुढे घरातली सगळी गणितं बदलतात.

स्नायू टिकवायला दोन गोष्टी लागतात, प्रथिनं आणि हालचाल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं प्रौढांसाठी शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे. वार्धक्याचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटांनी मात्र निरोगी ज्येष्ठांसाठी १ ते १.२ ग्रॅम सुचवलं आहे, कारण म्हातारपणी स्नायू प्रथिनांना तरुणपणीसारखा चटकन प्रतिसाद देत नाहीत. म्हणजे ५५ किलोच्या माणसाला रोज साधारण ५५ ते ६५ ग्रॅम प्रथिनं हवीत. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना हा आकडा लागू नाही. त्यांनी आपलं प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं.

आत्याच्या दिवसाचा हिशेब मी तिच्यासमोर बसून मांडला. सकाळी बशीभर पोहे, दुपारी दोन फुलके, अर्धी वाटी पातळ वरण, घासभर भात, थोडी भाजी, पेलाभर पातळ ताक, तीन वेळा चहा आणि रात्री चार खाऱ्या. सगळं मिळून प्रथिनं भरली पंचवीस-तीस ग्रॅम. हव्या त्याच्या जेमतेम निम्मी. खाणं वेळेवर होत होतं, घरचं होतं, सात्त्विक होतं, तरीही शरीर रोज स्वतःचे स्नायू मोडून खात होतं.

आपल्याच फडताळातली प्रथिनं

ही तूट भरायला महागड्या पावडरींचे डबे लागतातच असं नाही. ३० ग्रॅम डाळीत साधारण ७ ग्रॅम प्रथिनं असतात. २०० मिली दुधात ६ ते ७, एका अंड्यात ६, मूठभर शेंगदाण्यांत ६ ते ७, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९ आणि १०० ग्रॅम माशात १८ ते २०. ज्यांच्या घरी मासे-अंडी चालतात त्यांचं काम सोपं. पण शाकाहारी घरातही हे जमतं, आणि आपल्या आज्यांना ते ठाऊक होतं. मेतकूट म्हणजे भाजलेल्या डाळी आणि धान्यांचं पीठच. मऊभातावर मेतकूट आणि तुपाची धार घेतली की ज्याला भूक नाही तोही वाटीभर खातो. कुळथाचं पिठलं, मुगाचं कढण, मिश्र डाळींची धिरडी, भाजणीचं मऊ थालीपीठ, दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर, तिळाची, जवसाची आणि कारळ्याची चटणी हे सगळं कमी आकारमानात भरपूर कस देणारं अन्न आहे.

आत्याबरोबर बसून आम्ही दिवसाची नवी मांडणी केली. सकाळी मुगाची दोन धिरडी आणि पेलाभर दूध. दुपारी पोळी किंवा भाकरी, भाजी, वाटीभर घट्ट वरण आणि वाटीभर दही. चार वाजता दुधातलं नाचणीचं सत्त्व. रात्री कुळथाचं पिठलं, मऊभात आणि ताक. ही बेरीज ५५ ग्रॅमच्या आसपास जाते. प्रथिनं एकाच जेवणात कोंबण्यापेक्षा दिवसभर विभागून घेतलेली बरी, कारण स्नायूंना ती वापरता यायला हवीत. आपल्याकडे नाश्ता आणि रात्रीचं जेवण या दोन वेळा सगळ्यात दुबळ्या असतात. दुरुस्ती तिथूनच सुरू करावी.

खाणं फारच कमी जात असेल तर आहे त्याच घासात कस वाढवावा. वरणभातावर चमचाभर तूप म्हणजे ४५ कॅलरी. खिरीत किंवा सत्त्वात एक-दोन चमचे दुधाची पावडर घालावी, कणकेत थोडं सोयाबीनचं किंवा हरभऱ्याचं पीठ मिसळावं, उपम्यात मटार आणि दाणे घालावेत. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान खाणी ठेवावीत. जेवणाआधी पोटभर पाणी किंवा चहा घेऊ नये, त्यानं उरलीसुरली भूकही मरते.

हालचालीशिवाय मात्र हे खाणं अर्धवट कामाला येतं. मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली बोस्टनच्या एका वृद्ध-निवासातल्या १०० अशक्त रहिवाशांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यांचं सरासरी वय ८७ होतं. काहींना पायांच्या ताकदीचे व्यायाम दिले, काहींना पोषक पेय, काहींना दोन्ही आणि काहींना दोन्हींपैकी काहीच नाही. दहा आठवड्यांनी, व्यायाम करणाऱ्यांच्या पायांची ताकद दुपटीहून अधिक झाली. नुसतं पोषक पेय घेणाऱ्यांच्या ताकदीत फरक पडला नाही. सत्त्याऐंशीव्या वर्षीही स्नायू घडतात, फक्त त्यांना काम द्यावं लागतं. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठणं-बसणं, ओटा धरून टाचा उंचावणं, पाण्याची लहान बाटली उचलणं एवढं तरी रोज करावं. सुरुवात फिजिओथेरपिस्टला विचारून केलेली उत्तम.

हाडं, ऊन आणि बी-१२

साठीपुढे रोज साधारण १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणून नाचणीची भाकरी, आंबील किंवा सत्त्व रोजच्या खाण्यात असावं. दूध-दही हा मुख्य आधार. तीळही कॅल्शियमनं समृद्ध आहेत, त्यांची आठवण फक्त संक्रांतीला होऊ नये. कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागतं आणि वय झालेली त्वचा उन्हातून ते तरुणपणीपेक्षा कमी बनवते. फ्लॅटमध्ये राहणारे, घराबाहेर न पडणारे ज्येष्ठ उन्हाच्या या देशातही त्याला मुकतात. रोज थोडा वेळ हात आणि चेहऱ्यावर ऊन घ्यावं, आणि तपासणी करून डॉक्टरांनी सांगितलं तर गोळ्या घ्याव्यात. मनानं मोठे डोस घेऊ नयेत. ड जीवनसत्त्व शरीरात साठतं आणि त्याचं जास्त प्रमाण अपाय करतं.

बी-१२ ची गोष्ट जास्त फसवी आहे. हे जीवनसत्त्व नैसर्गिकरीत्या फक्त प्राणिज अन्नातून मिळतं. शाकाहारी माणसाला नेहमीच्या खाण्यात ते मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळतं. वयामुळे जठरातलं आम्ल कमी झालं की अन्नातलं बी-१२ सुटं होत नाही. पित्तासाठी वर्षानुवर्षं घेतल्या जाणाऱ्या पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या आणि मधुमेहाचं मेटफॉर्मिन यांनीही ते कमी होऊ शकतं. हातापायांना मुंग्या येणं, चालताना तोल जाणं, विसरणं, उदास वाटणं ही त्याच्या कमतरतेची लक्षणं आहेत. आजी हल्ली विसरतात, असं म्हणून सोडून देण्याआधी एकदा रक्तातलं बी-१२ तपासून घ्यावं. या कमतरतेवर उपचार स्वस्त आणि सोपा आहे, पण उशीर झाला तर मज्जातंतूंचं झालेलं नुकसान पूर्ण भरून येत नाही.

दात, घास आणि ठसका

चावता येत नाही म्हणून अनेकांचं जेवण हळूहळू खारी, टोस्ट, चहात बुडवलेली बिस्किटं आणि नुसता मऊभात यांवर येऊन थांबतं. मऊ अन्न हवंच, पण ते मऊ असून कसदारही असायला हवं. भाकरी दुधात किंवा घट्ट आमटीत कुस्करून द्यावी. भाज्या शिजवून घोटाव्यात, पालक डाळीत घालावा, फळं किसून किंवा शिजवून द्यावीत. उकड, घावन, खिमट, मुगाच्या डाळीची गुरगुटी खिचडी यांना फारसं चावावं लागत नाही. सैल कवळी नीट करून घेणं हे पोषणाचंच काम आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना काठ्या आणि श्रवणयंत्रांबरोबर कवळीही देण्याची तरतूद आहे. हे अनेकांना माहीत नसतं.

जेवताना वारंवार ठसका लागतो का, घास गिळल्यावर आवाज घोगरा होतो का, याकडे लक्ष ठेवावं. विशेषतः पक्षाघात किंवा पार्किन्सन असलेल्यांच्या बाबतीत हा गिळण्याचा दोष असू शकतो आणि अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. अशा माणसाला झोपवून भरवू नये. ताठ बसवावं, लहान घास द्यावेत, जेवणानंतर अर्धा तास बसूनच ठेवावं आणि डॉक्टरांना दाखवावं.

तहान न लागणारी माणसं

१९८४ साली एका प्रयोगात तरुण आणि वयस्क अशा दोन्ही गटांतल्या निरोगी पुरुषांना २४ तास पाणी दिलं नाही. नंतर पाणी समोर ठेवलं तेव्हा, शरीरातलं पाणी घटलेलं असूनही, वयस्कांना तरुणांपेक्षा तहान कमी लागली आणि ते पाणीही कमी प्यायले. तहान लागेल तेव्हा पिऊ, हा नियम म्हातारपणी चालत नाही. त्यात गुडघे दुखतात, रात्री उठावं लागेल म्हणून अनेक बायका मुद्दाम पाणी टाळतात. परिणाम म्हणजे बद्धकोष्ठ, मूत्रमार्गाचा संसर्ग, चक्कर आणि उन्हाळ्यात अचानक उडणारा गोंधळ. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात तर हे जिवावरही बेतू शकतं. सकाळी एक तांब्या भरून समोर ठेवावा आणि तो संध्याकाळपर्यंत संपला पाहिजे, असा नेम करावा. ताक, पेज, आंबील, कोकमाचं सरबत, मुगाचं कढण हेही पाणीच आहे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात पाण्यावर मर्यादा असते, तिथे डॉक्टरांचा शब्द अंतिम.

चव कमी झाली की हात मिठाकडे वळतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभराहूनही कमी मिठाची आहे. पापड, लोणचं, फरसाण यांतून ती सहज ओलांडली जाते. चव आणायची तर लिंबू, आमसूल, जिरं, लसूण, कढीपत्ता आणि कोथिंबीर सढळ हातानं वापरावी.

पथ्यांचं ओझं

अनेक ज्येष्ठांच्या ताटातून पदार्थ गेलेले असतात ते पथ्यांमुळे. एकानं वीस वर्षांपूर्वी भात बंद करायला सांगितला, दुसऱ्यानं तेल, तिसऱ्यानं दूध. नात्यातल्या कोणी डाळ वातूळ ठरवली, मोबाईलवरच्या एका संदेशानं शेंगदाणे वर्ज्य केले. कुठलंच पथ्य कधी मागे घेतलं गेलं नाही. आता ऐंशीव्या वर्षी, वजन घटत असताना, ती सगळी एकत्र पाळली जातात. वय फार झालेल्या, अशक्त मधुमेही माणसाच्या साखरेचं उद्दिष्ट अनेकदा मुद्दाम थोडं सैल ठेवलं जातं, कारण साखर फार खाली जाणं त्याच्यासाठी जास्त धोक्याचं असतं. म्हणून वर्षातून एकदा डॉक्टरांसमोर बसून विचारावं, "यांतली कोणती पथ्यं अजून गरजेची आहेत?"

उपवासाचंही तसंच. एकादशी, चतुर्थी, गुरुवार, श्रावणी सोमवार मिळून महिन्याचे पाच-सहा दिवस सहज होतात. त्या दिवशीचा मुख्य पदार्थ साबुदाणा. त्यात पिष्ट भरपूर, प्रथिनं जवळपास नाहीत. श्रद्धेला धक्का न लावता ताट बदलता येतं. वरीचा भात आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी किंवा दुधातला राजगिरा, दही, ताक, फळं. राजगिऱ्यात १३-१४ टक्के प्रथिनं असतात. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता उपवास करू नये.

औषधाच्या वेळाही खाण्याशी जुळवाव्या लागतात. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी, चहा त्यानंतर अर्ध्या-एक तासानं. कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब. चहा-कॉफीनं लोहाचं शोषण कमी होतं, म्हणून चहा जेवणाला लागून नको. लिंबू किंवा आवळ्यानं ते वाढतं, म्हणून पानात लिंबाची फोड असावी.

घरच्यांनी काय करावं?

पोषणाचा सल्ला देणं सोपं आहे. डाळ आणणार कोण, ती निवडणार कोण आणि गॅसजवळ उभं राहणार कोण, याचं उत्तर दिलं तरच तो सल्ला ताटात उतरतो. आत्यासाठी आम्ही आधी स्वयंपाकघर बदललं. कुकर खाली आणला, तोही दीड लिटरचा लहान. मेतकूट, भाजणी, नाचणीचं सत्त्व, दाण्याचं कूट आणि चटण्या खांद्याच्या उंचीवर, पारदर्शक बरण्यांत, वर मोठ्या अक्षरात नाव लिहून ठेवल्या. ओट्याजवळ खुर्ची आली. पोळ्यांना येणाऱ्या बाईंना रोज वाटीभर डाळ आणि एक भाजी करून ठेवण्याचं ठरवून दिलं. आपल्या गावांत-शहरांत पोळी-भाजी केंद्रं आहेत, घरगुती डबे देणाऱ्या बायका आहेत. डबा सांगण्यात कमीपणा नाही. फक्त त्यात डाळ-उसळ घट्ट असावी आणि तेल-तिखट बेताचं असावं, हे आधी बोलून घ्यावं.

दुसरी गोष्ट सोबतीची. माणूस चारचौघांत बसला की जास्त जेवतो, हे संशोधनातही दिसलं आहे आणि पंगतीत वाढलेल्या आपल्याला वेगळं सांगायला नको. आठवड्यातून एकदा शेजारणीबरोबर अंगत-पंगत, ज्येष्ठ नागरिक संघात महिन्याचा एकत्र डबा, परदेशातल्या मुलानं त्याच्या सकाळी आणि आईच्या रात्री व्हिडिओ कॉल लावून बरोबर बसणं, यांतलं काहीही चालेल. कोणीच नसलेल्यांसाठी ज्येष्ठ नागरिकांची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ या क्रमांकावर विनामूल्य आहे.

तिसरी गोष्ट लक्ष ठेवण्याची. महिन्याला एकदा, एकाच काट्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहावं. प्रयत्न न करता सहा महिन्यांत ५ टक्के वजन घटलं, म्हणजे ६० किलोचे ५७ झाले, तर डॉक्टरांकडे जावं. त्यामागे थायरॉइड, क्षय, मधुमेह, नैराश्य किंवा कर्करोगही असू शकतो. जपानमध्ये काशिवा शहरातल्या ज्येष्ठांच्या अभ्यासात एक सोपी घरगुती चाचणी तपासली गेली. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जुळवून कडं करावं आणि ते स्वतःच्या पोटरीच्या सर्वांत जाड भागाभोवती धरावं. पोटरी कड्यात न मावणं चांगलं. कडं सैल पडून मधे फट राहिली, तर स्नायू घटल्याचा संभव अधिक. दुसरी चाचणी खुर्चीची. हात छातीशी बांधून पाच वेळा उठायला-बसायला १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले, तर पायांची ताकद कमी होते आहे असं समजावं.

आत्याच्या पोटरीभोवती दिवाळीत बोटभर फट राहिली होती. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. बी-१२ कमी निघालं, बाकी आजार नव्हता. इंजेक्शनं सुरू झाली, धिरडी आणि पिठलं सुरू झालं, शेजारच्या काकू मंगळवारी-शुक्रवारी रात्री आपलं ताट घेऊन तिच्याकडे येऊ लागल्या. गुढीपाडव्याला तिचं वजन ५३ किलो भरलं. अंगठीतला दोरा तिनं अजून काढलेला नाही, पण जिना ती आता कठड्याला न धरता उतरते.

मी अजूनही रोज रात्री आठला फोन करते. प्रश्न तेवढा बदलला आहे. "जेवलीस का?" याचं उत्तर नेहमी "हो"च येतं. त्यातून आपल्याला काही कळत नाही आणि त्यांनाही काही सांगावं लागत नाही. आज रात्री आपल्या आई-बाबांना, आजीला, मामाला फोन कराल तेव्हा विचारा, "काय काय जेवलात? आणि बरोबर कोण होतं?" उत्तर चहा-खारी असं आलं, तर पुढच्या रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन, त्यांच्या शेजारी बसून जेवा.